तेलाचा काटा, धुराचा रंग

वाशीहून परतीचा माल भरायचा, कसारा घाट चढायचा, इगतपुरीला चहाला थांबायचं आणि तोवर गाडी न्यूट्रलवर चालू ठेवायची, ही त्या ड्रायव्हरची जुनी सवय. त्या दिवशी चहा पिऊन तो केबिनमध्ये चढला तर ऑइलचा काटा शून्याला टेकलेला. ॲक्सिलरेटर दाबला की काटा उठायचा, सोडला की पुन्हा झोपायचा. गाडी महिनाभरापासून धूरही मारत होती. त्याने तिथूनच फोनवर तिघांना विचारलं आणि तिघांनीही एकच सांगितलं: इंजिन गेलं, आता फुल इंजिन करावं लागणार.

तो गाडी तशीच चालवत सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नाशिकला घेऊन आला. हे त्याने करायला नको होतं. ऑइलचा काटा पडला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची आणि कारण कळेपर्यंत चालू करायची नाही. टोचन लावून आणण्याचा खर्च कितीही झाला तरी जळालेल्या क्रँकपेक्षा कमीच असतो. ही गाडी वाचली. का वाचली ते पुढे येईलच.

गाडी होती टाटाची १६१३. या आकड्यांतले पहिले दोन अंक म्हणजे सुमारे सोळा टन एकूण वजन आणि पुढचे दोन म्हणजे १३० अश्वशक्तीच्या घरातलं इंजिन. इंजिनाचं नाव ६९७, म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. स्ट्रोक १२८ मिलिमीटर, एकूण घनफळ ५,६७५ घनसेंटिमीटर, वर टर्बो. टेल्को आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार १९५४ ते १९६९ या काळात होता. तेव्हा जमशेदपूरला जी इंजिनं बनू लागली, त्यांच्याच घराण्यातलं हे पुढचं इंजिन. महाराष्ट्रात असा तालुका सापडणार नाही जिथे ते खोलणारा मिस्त्री नाही. यात संगणक नाही, सेन्सरचं जाळं नाही. त्यामुळे निदान करायचं ते डोळ्यांनी, नाकाने, कानांनी आणि एका साध्या गेजने.

मुळात ऑइलचं प्रेशर म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक चुका इथेच होतात. पंप प्रेशर तयार करतो, असं आपण बोलतो. खरं तर पंप फक्त ऑइल ढकलतो. दर फेऱ्याला ठरावीक ऑइल चेंबरमधून उचलायचं आणि पुढे रेटायचं, एवढंच त्याचं काम. पुढे गेलेल्या ऑइलला क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या बारीक फटींतून बाहेर पडावं लागतं. त्या फटी जो अडथळा करतात त्याचं माप म्हणजे प्रेशर. शेताला पाणी देताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की धार जोरात जाते आणि काढला की पाणी नुसतं वाहतं. मोटर दोन्ही वेळा तीच असते.

फट किती असते? ढोबळ हिशेब असा की क्रँकच्या जर्नलचा व्यास ७० मिलिमीटर असेल तर फट त्याच्या हजाराव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.०७ मिलिमीटर. माणसाच्या केसाएवढी. आणि अशा फटीतून वाहणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. झीज होऊन फट दुप्पट झाली तर तेवढ्याच प्रेशरला आठपट ऑइल निसटून जातं. म्हणून बेअरिंगची झीज वर्षानुवर्षं काट्यावर फारशी दिसत नाही आणि शेवटच्या काही महिन्यांत काटा धाडकन खाली येतो.

दुसरी गोष्ट ऑइलच्या दाटपणाची. १५-डब्ल्यू-४० ऑइलचा दाटपणा ४० अंश सेल्सियसला १०० सेंटिस्टोकच्या वर असतो आणि १०० अंशांना चौदा-पंधरावर येतो, म्हणजे साधारण सातपट पातळ. सकाळी थंड गाडीत काटा ऐटीत उभा राहतो तो यामुळेच, आणि जुन्या इंजिनाचं खरं रूप घाट चढून आल्यावर न्यूट्रलमध्ये दिसतं. थंड गाडीचं प्रेशर पाहून जुना ट्रक विकत घेऊ नये. अर्धा तास माल ओढायला लावावा आणि मग काटा पाहावा.

इथे थोडं मागे जाऊन १८८३ सालचा एक प्रयोग सांगायलाच हवा. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगमध्ये घर्षण किती होतं ते मोजत होते. वरून तेल सोडावं म्हणून त्यांनी बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं, तर फिरत्या आसाने तेल उलट त्याच भोकातून वर फेकायला सुरुवात केली. त्यांनी बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी गेज लावला तेव्हा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंड. फिरणारा आस तेलाची पाचर स्वतःखाली ओढून घेतो आणि तिच्यावर तरंगतो, हे त्या उडालेल्या खुंटीने दाखवलं. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि आजही बेअरिंगची आखणी त्याच समीकरणावर होते.

ट्रकवाल्याला याचा उपयोग असा की डॅशबोर्डवरचं प्रेशर क्रँकला उचलून धरत नाही. क्रँक स्वतःच्या फिरण्याने तरंगते. पंपाचं काम त्या पाचरीला ऑइल कमी पडू न देणं. काटा खाली आला तर लगेच धातूला धातू लागतोच असं नाही, पण पुरवठा संपत आलाय असा त्याचा अर्थ होतो. त्या गाडीला इगतपुरीपासून नाशिकपर्यंत उताराचा आणि सपाटीचा रस्ता मिळाला, इंजिनावर भार कमी पडला आणि चालत्या गाडीत काटा उठत राहिला. म्हणून ती वाचली.

आता गॅरेजमध्ये. मिस्त्रींनी इंजिन खोलायची गोष्टच काढली नाही. ड्रायव्हर म्हणत होता, "मामा, हाफ इंजिन तरी करावंच लागेल ना?" मामांनी सेंडिंग युनिट काढलं आणि त्या जागी साधा मेकॅनिकल गेज बसवला. डॅशबोर्डचा काटा विजेवर चालतो. सेंडिंग युनिट बिघडलं, वायर घासली, अर्थ सैल झाला तरी तो खोटं बोलतो. मेकॅनिकल गेजमध्ये पितळेची वाकलेली नळी असते आणि प्रेशर आलं की ती सरळ होऊ पाहते. यूजेन बोर्दों यांनी १८४९ मध्ये पॅरिसला तिचं पेटंट घेतलं होतं. तिला ना बॅटरी लागते ना अर्थ. हजार-दीड हजाराच्या या गेजशिवाय प्रेशरचं निदान करणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

गेजने सांगितलं: थंड असताना दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो, गरम झाल्यावर न्यूट्रलला ०.४, रेस दिल्यावर १.८. तक्रार खरी होती. अशा इंजिनात गरम न्यूट्रलला एक किलोच्या आसपास आणि धावताना तीन-चार किलो मिळावं, अशी गॅरेजमधली साधारण अपेक्षा. नक्की आकडा त्या-त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावा.

पण आकड्यांपेक्षा काटा कसा हलतो यात जास्त माहिती असते. गरम न्यूट्रलला कमी आणि रेसबरोबर चढतो, याचा अर्थ फटी वाढल्या आहेत किंवा ऑइल पातळ झालंय. न्यूट्रलला बरा आणि रेस दिली की थरथरतो किंवा उलट खाली येतो, तर पंपाला वर ऑइल येत नाहीये, चेंबरमधली जाळी तुंबली आहे. चेंबरला गास्केटऐवजी सिलिकॉनचा जाड पट्टा मारण्याची पद्धत पडली आहे, त्यातले आत आलेले तुकडे सुटून थेट या जाळीवर जाऊन बसतात. थंड असो की गरम, कुठल्याही रेसला एका ठरावीक आकड्यावर अडकून राहिला, तर रिलीफ व्हॉल्व कचऱ्याने उघडा राहिलाय किंवा त्याची स्प्रिंग थकली आहे. आणि इंजिनाच्या वेगाशी काही संबंध नसल्यासारखा उड्या मारत असेल तर दोष वायरिंगचा. यातल्या फक्त पहिल्या प्रकारात क्रँकपर्यंत जावं लागू शकतं, आणि तेही लगेच नाही.

आपली गाडी पहिल्या प्रकारातली. मामांनी डिपस्टिक काढली.

या गाडीच्या गोष्टीत डिपस्टिकचीच जागा मोठी आहे. ड्रायव्हर मोठ्या समाधानाने सांगत होता, "धूर मारते, पण ऑइल खात नाही. महिन्याभरात टॉप-अप केलेलं नाही." निळसर धूर मारणारी गाडी ऑइल खात नाही, हे होऊच शकत नाही. ऑइल जळत होतं, तरी पातळी खाली येत नव्हती. उलट ती वरच्या खुणेच्या दोन बोटं वर गेली होती. मग ती जागा कोण भरत होतं? मामांनी डिपस्टिकच्या टोकाचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये घेऊन चोळला, बोटं उघडमीट केली. चांगलं ऑइल बोटांमध्ये तार धरतं. इथे तार लगेच तुटत होती. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली आणि ड्रायव्हरपुढे धरली. डिझेलचा वास होता.

नाकावर विसंबायचं नसेल तर टिपकागदाची परीक्षा आहे. गरम ऑइलचा एक थेंब टिपकागदावर टाकून तासभर आडवा ठेवायचा. मध्ये काजळीचा गडद गोल राहतो, त्याभोवती ऑइलचं फिकट कडं पसरतं, आणि डिझेल मिसळलं असेल तर सगळ्यांच्या बाहेर एक पारदर्शक, तेलकट किनार उमटते. पाणी शिरलं असेल तर कडा करवतीसारखी फाटते. पाण्याची दुसरी खूण म्हणजे ऑइल भरायच्या झाकणाखाली जमणारी दुधाळ, पिवळट मलई. आमच्या कागदावर बाहेरची किनार चांगली बोटभर रुंद आली.

डिझेलचा दाटपणा ४० अंशांना २ ते ४.५ सेंटिस्टोक. त्याच तापमानाला शंभराच्या वर असलेल्या ऑइलमध्ये ते थोडंसं मिसळलं तरी मिश्रण झपाट्याने पातळ होतं. म्हणजे ०.४ किलोचं निम्मं कारण हातात आलं होतं. पण डिझेल चेंबरमध्ये येतंय कुठून? वाटा फार नाहीत. फीड पंपाचं सील, इंजेक्शन पंपाची बाजू, किंवा एखादा नोझल टिपकतोय आणि न जळलेलं डिझेल लायनरवरून ओघळून खाली उतरतंय. इथे धूर उपयोगी पडतो.

धुराच्या रंगाचं कारण समजलं की तो पाठ करावा लागत नाही. काळा धूर म्हणजे कार्बनची काजळी. डिझेलला हवा अपुरी पडली, मग एअर क्लीनर तुंबलेला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल, पंप वाढवून ठेवला असेल किंवा गाडीत क्षमतेबाहेर माल असेल. निळा धूर म्हणजे ऑइलचे अतिशय सूक्ष्म थेंब. इतके बारीक थेंब निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून धूर निळसर दिसतो, आणि तो पाहायचा तर सायलेन्सरच्या मागे गडद भिंत किंवा झाडी हवी. पांढरा धूर म्हणजे मोठे थेंब, न जळलेल्या डिझेलचे किंवा पाण्याचे. पाण्याची वाफ असेल तर धूर थोड्या अंतरावर हवेत विरून जातो. डिझेलचा असेल तर तो रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो. हेड गास्केट गेल्याचा संशय असेल तर गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण काढून मग ती चालू करावी आणि पाण्यात बुडबुडे येतात का ते पाहावं. गरम गाडीचं झाकण काढून हात-तोंड भाजून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत.

पीयूसीच्या मशीनकडून यातलं काही कळत नाही. जुन्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्टरिज युनिट, पण ते मशीन धूर किती दाट एवढंच मोजतं.

रंगाइतकीच वेळ महत्त्वाची. आपली गाडी सकाळी चालू करताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडायची आणि एक सिलिंडर मार खाल्ल्यासारखी अडखळायची. चढाला तोच धूर काळपट व्हायचा. गरम झाल्यावर रेस दिली की मागे निळसर झाक यायची. तिन्ही रंग एकाच गाडीत पाहून माणूस घाबरतो. पण पहिले दोन रंग एकाच रोगाचे होते. नोझलने डिझेलचा धुरळा करण्याऐवजी धार सोडली तर थंडीत ते न जळता पांढरं बाहेर पडतं आणि भाराखाली अर्धवट जळून काळं.

कोणता नोझल, ते शोधायची जुनी रीत अशी: न्यूट्रलला एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करायचा. तो सिलिंडर बंद पडतो आणि इंजिनाचा आवाज उतरतो. जो नट ढिला करूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नाहीये. हे करताना नटावर कापड धरावं, डोळ्यांना चश्मा असावा, हात धारेसमोर आणू नये. डिझेलची धार कातडीत शिरली तर बोट कापायची वेळ येते. आणि कॉमन रेलच्या नव्या गाडीत हा प्रयोग कधीही करू नये. तिथलं प्रेशर हजार बारच्या कितीतरी वर असतं, ते माणसाला मारू शकतं.

चार नंबरवर आवाज बदलला नाही. नोझल काढून पंपवाल्याकडे नेला. टेस्टरच्या दांड्यावर जोर देताच चांगला नोझल कर्र कर्र करत धुक्यासारखा फवारा सोडतो. याच्या टोकाशी आधी थेंब जमला, मोठा झाला आणि गळून पडला. मग एक वाकडी पिचकारी.

नवा नोझल बसवला, बाकीचे पाच तपासून घेतले, फिल्टर आणि ऑइल बदललं. गरम न्यूट्रलला गेज ०.४ वरून ०.८ वर आला. पांढरा धूर पूर्ण गेला, काळा जवळपास गेला. फोनवरच्या तिघांचं ऐकून लायनर-पिस्टन टाकले असते आणि चार नंबरचा नोझल तसाच राहिला असता, तर नवे लायनर वर्षाच्या आत धुऊन निघाले असते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा खर्च मी बऱ्याच गाडीमालकांना करताना पाहिला आहे, आणि त्यात कर्जाचे हप्ते चालू असणारेही होते.

०.८ वर थांबायचं का? मामा म्हणाले, "महिनाभर पातळ ऑइलवर चाललीय, बेअरिंग बघितल्याशिवाय मी गाडी देणार नाही." त्यांचं बरोबर होतं. चेंबर खाली घेतलं. हे काम इंजिन न उतरवता होतं. एकेक मेनचा आणि बिग एंडचा कॅप काढून बेअरिंगच्या वाट्या बाहेर घेतल्या. बेअरिंगची वाटी पोलादाची, तिच्यावर तांबं-शिशाचा थर आणि सगळ्यांत वर शिसं-कथलाचा पातळ राखाडी मुलामा. बिग एंडची वरची वाटी स्फोटाचा धक्का सोसते, मेनची खालची. म्हणून या वाट्या आधी पाहायच्या. चार नंबरच्या वरच्या वाटीत मधोमध राखाडी थर उडून तांब्याचा लालसर रंग दिसत होता, बाकीच्यांत नुसत्या कडा घासल्या होत्या. क्रँकवर नख फिरवून पाहिलं, कुठे अडकलं नाही. मायक्रोमीटरने जर्नल दोन दिशांनी मोजलं, ते गोल होतं. म्हणजे ग्राइंडिंग नको, क्रँकच्या मापाच्या नव्या वाट्या पुरेत. क्रँकला ओरखडे किंवा लंबगोलपणा असता तर ती उतरवून घासावी लागली असती आणि अंडरसाइज बेअरिंग टाकावी लागली असती.

त्या निळ्या झाकेचं बेअरिंगशी नातं आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. ढिल्या बिग एंडमधून निसटणारं जादा ऑइल फिरत्या क्रँकबरोबर लायनरवर उडतं. ऑइल रिंगला तेवढं खरवडून काढणं जमत नाही, ते वर जाऊन जळतं. त्यामुळे चांगल्या रिंगांची गाडीसुद्धा ढिल्या बेअरिंगमुळे निळा धूर मारू शकते. रिंगांची खरी अवस्था पाहायला ऑइल भरायचं झाकण उघडून इंजिन न्यूट्रलला चालवावं. हलका वारा येणं साहजिक आहे. झाकण उपडं ठेवलं की थडथड उडत असेल, भकाभका वाफारे येत असतील, तर रिंगांमधून गॅस खाली उतरतोय. टर्बोच्या गाडीत आणखी एक जागा: टर्बोची ऑइल परतीची नळी. ती कार्बनने तुंबली की ऑइल टर्बोच्या सीलमधून हवेच्या बाजूला ढकललं जातं आणि धूर निळा होतो, इंजिनाचा काही दोष नसताना.

आमच्या गाडीची नळी साफ होती. झाकण हलत होतं, उडत नव्हतं. पण एअर क्लीनरनंतरचा रबरी पाइप काढून मामांनी आत बोट फिरवलं तर बोटावर तांबूस धूळ आली. क्लॅम्प सैल होता आणि शेतांच्या कच्च्या रस्त्यांवरची माती गाळणीला वळसा घालून थेट आत जात होती. ऑइलमध्ये कालवलेली माती म्हणजे पॉलिश पेपरच. रिंग आणि लायनर खायला तिच्याइतकं दुसरं काही नाही. चार रुपयांचा रबर आणि एक नवा क्लॅम्प, पण ते आधी केलं नसतं तर पुढच्या रिंगाही गेल्याच असत्या.

नव्या वाट्यांवर गेज गरम न्यूट्रलला १.२ वर आला, रेसला साडेतीन. घाटाच्या चढाला निळी झाक अजून थोडी होती. मालक म्हणाला, कांद्याचा हंगाम संपेपर्यंत रिंगांना हात लावायला नको. मामा तयार झाले, एका अटीवर. त्यांनी ड्रायव्हरला दोनशे पानी वही दिली आणि पहिल्या पानावर तीन रकाने आखून दिले: तारीख, किलोमीटर, किती ऑइल टाकलं. डिपस्टिक रोज सकाळी, गाडी थंड आणि सपाट जागेवर असताना पाहायची. हजार किलोमीटरला लागणारं ऑइल वाढत गेलं तर हंगाम सोडून यायचं, आणि पातळी पुन्हा वर चढताना दिसली तर त्याच दिवशी यायचं.

पहिली नोंद ड्रायव्हरने तिथेच लिहिली, बॉनेट उघडं असताना, ऑइलच्या बोटांनी.